सापळ्यावर नाव रोलांदचं

डोळ्याच्या डॉक्टरनं रोलांद प्लूर्दला दोन गोष्टी बजावल्या होत्या. आठवडाभर खाली वाकायचं नाही, आणि जड काही ओढायचं नाही. रोलांदनं मान डोलावली होती. पण बँगोरहून डोळ्याचं ऑपरेशन करून घरी परतल्यावर दुसऱ्याच दिवशी सकाळी ती पिकअप घेऊन रानात निघाली. नोव्हेंबर चालू होता, सापळ्यांचा हंगाम ऐन भरात होता आणि जनावराचा पंजा पकडणारे पायसापळे रोज पाहायचे असा नियम होता. जनावर अडकलं असेल तर ते दिवसच्या दिवस कुडकुडत पडू नये, म्हणून. हा नियम राज्यानं केला त्याच्याही आधीपासून रोलांदचे वडील तो पाळत असत, आणि वडिलांबरोबर हिंडूनच ती सापळे लावायला शिकली होती.

ऑपरेशनसाठी दोन दिवस बाहेर राहावं लागणार होतं, तेव्हा सापळे पाहायचं काम तिनं लिओनेलवर सोपवलं होतं. लिओनेल तिचा धाकटा दीर. नवरा नॉर्मां गेला त्याला सहा वर्षं झाली होती, आणि तेव्हापासून लाकूडफाटा, छपरावरचा बर्फ, बंद पडलेली गाडी असं काहीही असलं की लिओनेलच धावून यायचा. बोलायला गोड, हाताला चलाख. जंगलात त्याच्याइतका जाणता माणूस सेंट-ओमेर गावात दुसरा नव्हता. पण रात्री दिवा मारून बेकायदा हरीण टिपताना तो एकदा पकडला गेला होता, आणि त्याचा शिकारीचा परवाना आणि वाटाड्याचा परवाना, दोन्ही गेले होते. पोटापाण्याचा धंदाच तो. बाहेरगावच्या शिकाऱ्यांना अस्वलाच्या, हरणाच्या मागावर न्यायचं, आपल्या तंबूत ठेवायचं, त्यांना खाऊपिऊ घालायचं. मधली वर्षं त्यानं लोकांचे बटाटे गोदामात उचलून काढली होती. परवाने परत मिळून त्याला जेमतेम दोन महिने झाले होते.

रोलांदनं लांबून दिसेल असं नारिंगी जाकीट अंगात चढवलं. हरणांचा हंगामही चालू होता आणि शनिवार असल्यामुळे रानात बंदुकवाले फार होते. पहिले तीन सापळे रिकामे निघाले. चौथ्यात कोल्हा होता. ते काम तिनं नेहमीसारखं झटपट उरकलं, फक्त वाकण्याऐवजी गुडघे टेकून बसली. पाचवा सापळा जुन्या लाकूडतोडीच्या रस्त्याच्या टोकाला, फरच्या झाडांच्या दाटीत होता. तिथे ती पोचली आणि पावलं टाकता टाकता थांबली.

सापळ्यात लिंक्स होतं.

तिनं आयुष्यात बॉबकॅट, म्हणजे लिंक्ससारखीच पण लहान रानमांजरं, पुष्कळ पाहिली होती, त्यामुळे एका नजरेत तिला फरक कळला. पाय लांब, पंजे ताटलीएवढे, कानांवर काळे गोंडे, आणि आखूड शेपटीचं टोक सगळ्या बाजूंनी काळं. बॉबकॅट धरायला परवानगी होती. लिंक्सला हात लावायची नव्हती, राज्याचीही नाही आणि वॉशिंग्टनच्या सरकारचीही नाही. जनावर उजव्या पुढच्या पंजानं अडकलं होतं. ते गुरगुरत नव्हतं. पोट जमिनीला टेकवून बसलं होतं आणि पिवळ्या डोळ्यांनी तिच्याकडे बघत होतं.

चुकून सापडलं तर काय करायचं, हे तिला ठाऊक होतं. लांब राहायचं आणि वन्यजीव खात्याच्या वॉर्डनला कळवायचं. सापळा नियमात असेल तर कोणी काही म्हणत नाही. ती सावकाश मागं सरली, आणि सरता सरता तिला डोक्याच्या उंचीवर काहीतरी हलताना दिसलं.

फरच्या फांदीला दोरा बांधून रानकोंबडीचा पंख टांगलेला होता. वाऱ्यानं तो गरगर फिरत होता.

ऑपरेशन झालेल्या डोळ्याला सगळं लख्ख दिसत होतं. पंखावरचे तपकिरी पट्टेसुद्धा तिला मोजता आले असते. मांजराच्या जातीचं जनावर वासापेक्षा नजरेनं येतं. हलणारा पंख दिसला की लांबून चालत येतं. म्हणूनच पायसापळ्याजवळ नजरेला दिसेल असं आमिष टांगायला इथे बंदी होती, आणि ती बंदी लिंक्ससाठीच होती. रोलांदनं हा पंख टांगला नव्हता. सापळाही तिनं ठेवला होता त्या जागी नव्हता. हातभर अलीकडे, पंखाच्या बरोबर खाली, भुसभुशीत वाळूत आणलेला होता.

"लिओनेल," ती पुटपुटली.

त्या खोलगट भागात फोन लागत नसे. ती गाडीत बसून टेकाडावर गेली. काचेवर बर्फाची भुरभुर सुरू झाली होती. फोनला दोन रेघा दिसल्या. वॉर्डनच्या कचेरीचा नंबर तिला पाठ होता, तरी तिनं आधी लिओनेललाच लावला.

"काय गं, दिसतंय का आता?" तो म्हणाला. "की मला नॉर्मां समजून फोन केलास?"

"पाचव्यात लिंक्स आहे."

मग त्यानं विचारलं, "जिवंत?"

"जिवंत. आणि वर तुझा पंख लटकतोय."

"रोलांद, ऐक. तो पंख काढ. बाकी काही करू नकोस. काढ, खिशात घाल, आणि मग बोलव तुझ्या वॉर्डनला."

"का टांगलास?"

"अगं, महिना झाला त्या सापळ्यात उंदीर आला नव्हता. म्हटलं, बाई दवाखान्यातून येईल तर एखादं बॉबकॅट बघून खूश होईल. मला काय माहीत, लिंक्स येऊन बसेल."

"माहीत नव्हतं? तुला?"

"बरं, माहीत होतं. चूक झाली. पण कळतंय ना तुला? एकदा माझं झालेलं आहे. पुन्हा माझं नाव आलं तर संपलंच. सोमवारी पेनसिल्व्हेनियाचे चौघे शिकारी येतायत."

"सापळ्याच्या पट्टीवर नाव माझं आहे, लिओनेल. तुझं नाही."

"म्हणून तर सांगतोय, काढ."

तिनं फोन बंद केला. पंख काढणं म्हणजे दोन मिनिटांचं काम होतं. कोणालाही कळलं नसतं. लिओनेल गेल्या आठवड्यात तिच्यासाठी धुरांड्यावर चढला होता. नॉर्मांच्या शेवटच्या महिन्यात रात्ररात्र तोच उशाशी बसायचा, कारण शाळेतल्या मुलांचं जेवण रांधायला रोलांदला पहाटे उठावं लागे. हे सगळं तिच्या डोळ्यांसमोरून गेलं. मग तिनं कचेरीचा नंबर फिरवला, काय सापडलं आणि कुठे सापडलं ते सांगितलं. पंखाबद्दल बोलली नाही. कोणी विचारलंही नाही. वॉर्डन आणि खात्याची प्राणितज्ज्ञ निघतायत, पण नदीकाठच्या रस्त्यानं यायला वेळ लागेल, तोवर जनावराजवळ जाऊ नका, असं पलीकडच्या बाईनं सांगितलं.

ती परत खाली आली तेव्हा लिंक्सनं आजूबाजूची वाळू पार उकरून टाकली होती. साखळी ज्या मेखेला बांधली होती, ती मेख वीतभर वर आली होती. सापळ्याच्या मूळच्या जागी जमीन घट्ट होती, तिथून बैलानं ओढली तरी ती हलली नसती. या वाळूत ती ओल्या मातीतल्या काठीसारखी डुलत होती. मेख निघाली असती तर जनावर सापळ्यासकट, साखळीसकट जंगलात गेलं असतं. मग कुठेतरी झुडपात साखळी अडकून, पाय सडून, उपाशी मेलं असतं. आणि कोणाला सापडलंही नसतं.

तिनं गाडीतून नॉर्मांचं जुनं लोकरी ब्लँकेट काढलं आणि झाडाआडून लक्ष ठेवत उभी राहिली. जनावर शांत बसलं की मेख स्थिर राही. ते उठलं की ती पुन्हा डुलायला लागे. थंडी वाढत होती. सापळ्यातला पंजा फार वेळ रक्ताविना राहिला तर गोठतो हेही तिला माहीत होतं. दूर डोंगरापलीकडे कोणाच्या तरी बंदुकीचे दोन बार झाले. लिंक्सचे कान मागं गेले.

मग गाडीचा आवाज आला. पण ती वॉर्डनची नव्हती.

लिओनेल दार न आपटता उतरला. अंगात कॅनव्हासचा जाड कोट, डोक्यावर नारिंगी टोपी. त्यानं आधी जनावराकडे पाहिलं, मग पंखाकडे, मग तिच्याकडे.

"फोन केलास त्यांना?" त्यानं दबक्या आवाजात विचारलं.

"केला."

"मग मला दोन मिनिटं दे. मी काढतो आणि जातो. मी इथे आलोच नव्हतो."

"मेख सुटत आलीय. जवळ जाऊ नकोस."

"फांदी इकडच्या बाजूला आहे. त्याच्या अंगावर जायची गरजच नाही."

"लिओनेल, तू तो काढलास, तर तो इथे होता हे मी त्यांना सांगेन."

तो तिच्याकडे बघतच राहिला. "माझ्या विरुद्ध सांगशील?"

"सापळ्याबद्दल सांगेन. सापळा माझा आहे."

"नॉर्मां असता ना, तर त्यानं काढला असता."

"नॉर्मांनं तुला त्या रात्री दिवा मारू नकोस म्हणूनही सांगितलं होतं. तेव्हा कुठे ऐकलंस?"

टोपी पुढे ओढून लिओनेल झाडाच्या बाजूनं, एकेक पाऊल जपून टाकत फांदीकडे सरकला. लिंक्स त्याच्याकडे वळलं, आणि पहिल्यांदाच त्याच्या घशातून आवाज निघाला, लांब, खोल, भांड्यात काहीतरी खरडल्यासारखा. लिओनेलनं हात वर केला. बोटं पंखाला लागायला वीतभर अंतर होतं.

त्याच क्षणी अगदी जवळ, रस्त्याच्या पलीकडच्या उतारावर, बार झाला.

लिंक्सनं उडी घेतली. साखळी ताणली गेली, आणि मेख वाळूतून सटकन निघाली. रोलांदनं विचार केला नाही. डॉक्टरचं सांगणं, वय, सगळं विसरून तिनं पुढे झेप टाकली आणि साखळीच्या टोकावर पोटावर पालथी पडली. मेख तिच्या पोटाखाली आली, साखळीचा झटका तिच्या खांद्यात बसला. ती हातभर ओढली गेली. डोळ्यात वाळू गेली, ऑपरेशनच्या डोळ्यासमोर लाल चमक उठली. पण तिनं साखळी दोन्ही मुठींत धरली होती. पलीकडच्या टोकाला जनावर फिरलं होतं, आणि आता ते तिच्याकडे तोंड करून होतं, दोन हातांवर.

"लिओनेल," ती म्हणाली. ओरडायचा तिला धीर झाला नाही.

लिओनेलचा हात अजून वरच होता. वाऱ्यानं फिरणारा पंख आता त्याच्या बोटांना लागत होता. तो तोडायला त्याला श्वासभर वेळही लागला नसता.

त्यानं हात खाली घेतला. कोट अंगातून उपसला आणि झाडाआडून तिरका येत जनावराच्या डोक्यावर फेकला. मग स्वतः त्याच्यावर पडला. कोटाखाली दणादण धडका बसल्या. लिओनेलच्या तोंडून एक शिवी निघाली. मागच्या पायाची नखं त्याच्या कोपरापासून मनगटापर्यंत ओढली गेली होती.

"ब्लँकेट," तो दातओठ खात म्हणाला.

रोलांदनं शेजारी पडलेलं ब्लँकेट एका हातानं सरकवलं. त्यानं ते टाकून गुडघ्यानं मागचे पाय दाबले, कोटाच्या दोन्ही बाजू गुंडाळून डोकं झाकलं. अंधार झाल्यावर जनावर हळूहळू निवलं. कोटाखालून नुसता त्याचा जोरजोरात चाललेला श्वास ऐकू येत होता. त्याचा श्वास, रोलांदचा आणि लिओनेलचा.

आता कोणालाच हलता येत नव्हतं. लिओनेलनं हात काढला असता तर जनावर उठलं असतं, रोलांद उठली असती तर साखळी सुटली असती. पंख दोघांच्या डोक्यावर फिरत होता.

"डोळा?" लिओनेलनं विचारलं.

"दिसतंय. धुकं आल्यासारखं दिसतंय."

"मूर्ख आहेस."

"माहितेय. हात किती फाटला?"

"आहे अजून जागेवर." मग थोड्या वेळानं तो म्हणाला, "हलकं आहे गं. एवढं मोठं दिसतं, पण अंगात काही नाही. नुसते केस." त्यानं अंगठ्यानं कोटावरूनच जनावराची पाठ चाचपली. "छातीत काय धडधडतंय याच्या."

बर्फ पडत राहिला. लिओनेलच्या सदऱ्यावर पांढरा थर बसू लागला. कोटाविना तो थरथर कापायला लागला होता. रोलांद त्याला म्हणाली, माझं जाकीट घे. तो म्हणाला, कोणत्या हातानं घेऊ. त्या स्थितीतही तिला हसू आलं, आणि मग खांद्यातली कळ इतकी जोरात उठली की ते विरलं. पंजा दिसतोय का, निळा पडलाय का, असं ती मधून मधून विचारत होती. तो वाकून बघायचा आणि सांगायचा, सुजलाय, पण निळा नाही.

पेनसिल्व्हेनियाच्या माणसांचा विषय दोघांनीही काढला नाही.

अखेर वॉर्डन हॅस्केल आला. तो दक्षिणेकडचा, उंच, कमी बोलणारा, इथल्या लोकांच्या फ्रेंचचा एक शब्द न येणारा माणूस. त्याच्यामागून पेटी घेऊन प्राणितज्ज्ञ बाई आली. तिनं काही न विचारता कोटाच्या फटीतून जनावराच्या मांडीत सुई दिली, घड्याळ बघितलं आणि दोघांना धरून ठेवायला सांगितलं. जनावराचा श्वास हळू झाला. लिओनेलनं हात सैल केले तेव्हा त्याची बोटं वळत नव्हती. हॅस्केलनं सापळ्याचे जबडे उघडले. पंजा सुजला होता, कातडी थोडी खरचटली होती. हाड मोडलं नाही, बोटांत रक्त आहे, असं प्राणितज्ज्ञ बाई म्हणाली. तेव्हा कुठे रोलांदनं साखळी सोडली. तळव्यांत कड्यांचे वळ उठले होते.

हॅस्केल उठून उभा राहिला. त्यानं वर पाहिलं.

"मिसेस प्लूर्द, हा पंख तुम्ही टांगला?"

"नाही."

"सापळ्यावर तुमच्या नावाची पट्टी आहे."

"सापळा माझाच आहे. त्याचं जे काही असेल ते माझ्यावर घाला."

"मी तसं विचारलं नाही. पंख कोणी टांगला?"

खोटं बोलणार नाही हे रोलांदनं टेकाडावरच ठरवलं होतं, पण त्याचं नाव आपल्या तोंडून घ्यायचं की नाही हे मात्र ठरलं नव्हतं. इतक्या वेळातही ते ठरलं नाही. ती लिंक्सकडे बघत राहिली. हॅस्केल वाट बघत होता. लिओनेल जखमेला रुमाल गुंडाळत होता. रुमाल पुरत नव्हता.

"मी," तो मान वर न करता म्हणाला. "तिला माहीतही नव्हतं. ती दवाखान्यात होती. सापळाही मीच हलवला."

हॅस्केलनं त्याला ओळखलं होतं. दोन महिन्यांपूर्वी परवाने परत मिळाले तेव्हाच्या कागदांवर हॅस्केलचीच सही होती. त्यानं गाडीतून औषधाची पेटी आणली, लिओनेलचा हात धुतला, पट्टी बांधली आणि मग म्हणाला, "मला हे लिहावं लागेल."

"लिहा," लिओनेल म्हणाला.

जनावर शुद्धीवर येईपर्यंत सगळे गाडीच्या आडोशाला थांबले. ते डुलत उठलं, दोनदा बसलं, पुढचा पंजा चाटला. मग एकदाही मागं न बघता, थोडं लंगडत, फरच्या दाटीत शिरलं. लिओनेल ते गेलं त्या दिशेला बराच वेळ बघत होता.

पेनसिल्व्हेनियाच्या माणसांना दुसऱ्या वाटाड्याकडे पाठवावं लागलं. पुढे कोर्टात लिओनेलचे दोन्ही परवाने पुन्हा गेले. पण त्यानं जनावर धरून ठेवलं आणि आपणहून कबूल केलं, हे हॅस्केलनं कागदावर लिहिलं होतं, म्हणून कायमचे न जाता तीन वर्षांसाठी गेले. रोलांदला लेखी ताकीद मिळाली. तिनं त्याच आठवड्यात सगळे सापळे उचलले आणि तो हंगाम तिथेच संपवला. डोळ्यात दाब वाढला होता, डॉक्टर तिच्यावर चांगलाच चिडला. नजर आली, पण कडेला जराशी धूसर राहिली ती राहिलीच.

त्या हिवाळ्यात लिओनेल तिच्याकडे फिरकला नाही. त्याची बायको जोसलीन चर्चमध्ये रोलांदला बघून दुसऱ्या बाकावर जाऊन बसायची. छपरावरचा बर्फ रोलांदनं शेजाऱ्याकडून काढून घेतला. नाताळच्या रात्री तिनं मैद्याच्या पारीत डुकराचं मांस भरून पाई भाजल्या, दोन केल्या, एक लिओनेलच्या दारात ठेवली आणि बेल न वाजवता परत आली. काही दिवसांनी रिकामी थाळी तिच्या पायरीवर दिसली. धुतलेली होती. चिठ्ठी नव्हती, काही नव्हतं. मार्चमध्ये बर्फ वितळायला लागला तेव्हा लिओनेल एक दिवस नुसताच आला, तिच्या स्वयंपाकघरात बसून त्यानं चार प्लोय, म्हणजे कुट्टूच्या पिठाची धिरडी, खाल्ली, कॉफीचं पाणी उकळतंय का बघितलं आणि नळ गळतोय म्हणून पाना मागितला. तो लाकडाच्या भुशाचा ट्रक चालवायला लागला होता, हे तिला नळ दुरुस्त होताना कळलं.

तीन वर्षं भरत आली तेव्हा परवान्यासाठी त्याला शिकारीचा आणि सापळ्यांचा अभ्यासवर्ग पुन्हा करावा लागला, पहिल्यांदा परवाना काढणाऱ्यांसारखा. वर्ग चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये होता. पन्नाशी उलटलेला लिओनेल शाळकरी पोरांमध्ये, मागच्या रांगेत, गुडघे टेबलाला लागतील अशा खुर्चीत बसला होता. सगळ्या हॉलला त्याची गोष्ट ठाऊक होती. रोलांद आली, कॉफी घेतली आणि त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसली.

"तुला कशाला हवाय हा वर्ग?" तो म्हणाला.

"घरी हीटर बिघडलाय. इथे ऊब आहे."

"खोटं बोलतेस."

"बरं, बोलते. सरक जरा."

तो सरकला. पुढे शिकवणारा माणूस पडद्यावर एकेक पायसापळा दाखवायला लागला, आणि लिओनेलनं वही उघडून, पोरांसारखं, वर तारीख घातली.